मानेच्या मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतरची गिळण्यातील अडचण

अन्न, पाणी किंवा लाळ गिळताना होणाऱ्या त्रासाला डिसफॅजिया म्हणतात. मानेच्या मणक्यांवर पुढील बाजूने केलेल्या शस्त्रक्रियेनंतर ही गुंतागुंत वारंवार आढळते. बहुतेक रुग्णांमध्ये ती सौम्य असते आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कमी होते. काहींमध्ये मात्र ती दीर्घकाळ टिकते.

पार्श्वभूमी
खराब झालेली चकती काढून मणके जोडण्याची पुढील बाजूची पद्धत १९५० च्या दशकात स्मिथ व रॉबिन्सन आणि क्लोवर्ड या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी विकसित केली. या पद्धतीत मज्जारज्जूला धक्का न लावता चकतीपर्यंत पोहोचता येते. मात्र त्यासाठी मणक्यांसमोर असलेली अन्ननलिका व श्वासनलिका बाजूला ओढून धरावी लागते.

कारणे
ओढल्या गेलेल्या अन्ननलिकेला व मणक्यांसमोरील ऊतींना सूज येणे हे सुरुवातीच्या त्रासाचे प्रमुख कारण मानले जाते. स्वरयंत्राच्या किंवा जिभेच्या चेतांना इजा, धातूच्या पट्टीचा उंचवटा आणि नंतर तयार होणारे व्रणऊतक हीही कारणे असू शकतात. एकापेक्षा अधिक स्तरांवरील शस्त्रक्रिया, फेरशस्त्रक्रिया व वाढते वय यांमुळे जोखीम वाढते. हाडांची वाढ घडवणाऱ्या बीएमपी प्रथिनाच्या मानेतील वापरानंतर सूज येऊन जिवाला धोका निर्माण झाल्याच्या नोंदींमुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये इशारा दिला.

निदान
बझाझ मापनश्रेणीत रुग्णाच्या सांगण्यावरून त्रासाचे ‘नाही’, ‘सौम्य’, ‘मध्यम’ व ‘तीव्र’ असे वर्गीकरण करतात. व्याख्या व मोजण्याची वेळ वेगवेगळी असल्याने निरनिराळ्या अभ्यासांतील प्रमाणात मोठी तफावत दिसते. अन्न श्वासनलिकेत जाते का, हे बेरियम मिसळलेला घास गिळताना घेतलेल्या क्ष-किरण चित्रफितीतून किंवा नाकावाटे घातलेल्या दुर्बिणीतून तपासतात.

उपचार
मऊ आहार, लहान घास, दाट केलेले द्रवपदार्थ आणि वाचा व गिळणे उपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखालील व्यायाम हे मुख्य उपाय आहेत. सूज कमी करण्यासाठी स्टेरॉइड दिले जाते. त्रास तीव्र असल्यास काही काळ नाकावाटे नळीने अन्न द्यावे लागते.

धोक्याची लक्षणे
श्वास लागणे किंवा मानेची सूज झपाट्याने वाढणे हे रक्त साचून श्वासमार्ग दबल्याचे लक्षण असू शकते. ताप, वाढती वेदना आणि त्वचेखाली हवा साचणे यांवरून अन्ननलिकेला छिद्र पडल्याची शंका घेतली जाते. ही गुंतागुंत दुर्मिळ असली तरी प्राणघातक ठरू शकते. या दोन्ही स्थितींत तातडीचे उपचार आवश्यक असतात.