टाळांवरील अक्षरे

गेल्या वर्षी पांढुर्ण्याच्या एका विद्यार्थ्याने घरातील काशाचे जुने टाळ शाळेत आणले. ते मोडीत काढावयाचे घरी ठरले होते. आजोबांचे मन मात्र होत नव्हते. कडेला ठिपक्याठिपक्यांनी कोरले होते, ‘विठ्ठलचरणी अर्पण, १८८२, पांढुर्णा, मध्यप्रदेश’. आम्ही वर्गात मोठ्या ऐटीने सांगून टाकले की, हे टाळ इंग्रजी अमदानीतले, चांगले १४० वर्षांचे!

ती ऐट दोन दिवसही टिकली नाही. ‘मध्यप्रदेश’ हे नाव आले १९५० साली. त्यापूर्वी हा मुलूख ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ म्हणून ओळखला जाई. मग १८८२ साली ‘मध्यप्रदेश’ कोण कोरणार? अर्थात तो आकडा इसवी सनाचा नसून शकाचा होता. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो (शकाच्या अखेरच्या महिन्यांत ७९), म्हणजे १९६०-६१. विक्रम संवत धरावा, तर ५७ वजा करून १८२५ येते. ते तर त्याहून अशक्य. सन, शक की संवत हे ठरविल्यावाचून नुसत्या आकड्यावर विसंबू नये, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

गावाचे नाव असे उपयोगी पडते. पांढुर्णा किंवा सौंसर या नावापुढे ‘जि. पांढुर्णा’ असेल, तर ती अक्षरे २०२३ नंतरचीच, कारण त्यापूर्वी दोन्ही तालुके छिंदवाडा जिल्ह्यात होते. परदेशी बँडच्या झांजांचेही तसेच. तुर्कस्तानातील झिल्जियान घराण्याच्या झांजांवर शहराचे नाव ठशाने उमटविलेले असते. १९३० पासून परदेशी टपालालाही ‘इस्तंबूल’ हेच नाव लागू झाले. म्हणून ‘कॉन्स्टँटिनोपल’ असलेली झांज सामान्यतः त्याआधीची समजावी. जुना ठसा काही काळ वापरात राहू शकतो, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

परंतु अक्षरांचे वय तेच वस्तूचे वय, असेही नव्हे. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावरील घंटेवर १७०७ हे साल व मेरीमातेची आकृती आहे. ती पोर्तुगिजांकडील घंटा १७३९ च्या वसईच्या विजयानंतर मराठ्यांच्या हाती आली. ओतताना उठविलेले साल घडणीचे असते, देवळात आल्याचे नव्हे. कोरलेली अक्षरे याच्या उलट. ती वस्तू घडल्यावर कधीही घालता येतात. दोरीचे भोक झिजून लांबट झालेले असले, तर टाळ पुष्कळ वाजले एवढेच कळते. आमच्या कोकणीत मोठ्या झांजेला ‘कांसाळें’ म्हणतात. धातूचेच नाव वाद्याला. कासे म्हणजे तांबे व कथील, आणि त्यावरून काही साल कळत नाही.

तेव्हा १९६० हे साल अर्पणाचे. टाळ त्याहून जुने असतील, हे आजोबांचे म्हणणे आम्हांला खोडता आले नाही. टाळ मोडीत गेले नाहीत.

आपल्या घरी असे टाळ असतील, तर घासूनपुसून लखलखीत करण्यापूर्वी त्यांवर पातळ कागद ठेवून पेन्सिल हलकेच फिरवावी. उमटतील ती अक्षरे, पुसट असली तरी, आम्हांला आणून दाखवावीत.