वाढत्या अंगाची हॉकी स्टिक नको!

मुलांचे कपडे आपण वाढत्या अंगाचे घेतो. आइस हॉकीची स्टिक मात्र तशी घेऊ नका. लांब स्टिकने दूरचा पक अडवता येतो, पण पायांजवळचा पक खेळवताना वरचा हात अंगाला अडतो. आखूड स्टिकने पक ताब्यात राहतो, पल्ला मात्र घटतो.

मग मोठी स्टिक कापून द्यावी? कापल्यावर दांडा ताठ होतो. एकसारख्या दांड्याची लांबी १० टक्के घटली, की ताठपणा सुमारे ३७ टक्के वाढतो, कारण तो लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. फटक्याचा बराचसा जोर वाकलेला दांडा सरळ होताना मिळतो. मुलाला तो वाकवताच आला नाही, तर हा जोर मिळणार कुठून?

म्हणून स्केट्स घातलेल्या मुलासमोर स्टिक उभी धरून पाहा: हनुवटीपर्यंत आली की पुरे. मग दांड्यावरचा फ्लेक्सचा आकडा बघा. आकडा लहान, तर दांडा लवचीक.