मूलपेशी ओळखावी तिच्या कामावरून

अभिस्तर ऊतींतल्या प्रौढ मूलपेशींचा आढावा घ्यायचा म्हटलं, की हल्ली जो तो आतड्यापासून सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो. आतड्याचा मान मोठा, हे मलाही मान्य आहे. तीन ते पाच दिवसांत सगळं अस्तर नवं करायचं, हे काम सोपं नाही. माँट्रियलच्या चेंग आणि लब्लाँ यांनी १९७४ साली क्रिप्टच्या, म्हणजे अस्तरातल्या बारीक खळगीच्या तळाशी, पॅनेथ पेशींच्या मध्ये दबलेल्या बारीक पेशींकडे बोट दाखवलं. मँचेस्टरचे पॉटेन मात्र तळापासून चौथ्या जागेवरच्या पेशीचा पक्ष घेऊन उभे राहिले. २००७ मध्ये उत्रेख्तला हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत निक बार्कर यांना तळाच्या त्या बारीक पेशींवर एलजीआर५ हा मार्कर, म्हणजे ओळख पटवणारी खूण, सापडला. दोन वर्षांनी तोशिरो सातो यांनी अशा एकट्या पेशीपासून बशीत इवलंसं आतडं वाढवून दाखवलं. वाद मिटला, असं सगळ्यांनी धरून चाललं.

तो मिटला नव्हता. २०११ मध्ये उंदरांतल्या एलजीआर५ पेशी मुद्दाम मारून टाकल्या, तरी अस्तराचं नूतनीकरण चालूच राहिलं. शेजारच्या पेशींनी जागा भरून काढली. खूण पुसली गेली, काम अडलं नाही. माझं म्हणणं इतकंच आहे आणि मी ते वर्षानुवर्षं मांडत आलोय: मूलपेशी तिच्या कामावरून ओळखावी, मार्करने त्या ओळखीला फार तर दुजोरा द्यावा.

केसांच्या मुळांचं थोडक्यात उरकतो. तिथल्या फुगीर भागात मंद गतीने विभागणाऱ्या पेशी १९९० मध्ये दिसल्या. मग के१५ हा मार्कर आला, सीडी३४ आला. पैकी सीडी३४ उंदरात चालतो, माणसाच्या केसात तो फसवतो. स्तन, फुफ्फुस, प्रोस्टेट इथेही मार्करच्या याद्या लांबल्या, एकमत थोडंच झालं.

खरी शिकवण डोळ्याने दिली. पारपटल आणि पांढरा भाग जिथे मिळतात, ती कड म्हणजे लिंबस. १९८६ मध्ये शेर्मर, गॅल्विन आणि सुन यांनी पक्व पारपटल-पेशींत असणाऱ्या के३ केराटिनचा रंग चढवून तिचे छेद पाहिले. पारपटलावर तळाच्या थरापासून वरपर्यंत रंग चढतो. लिंबसमध्ये वरचे थर रंगतात आणि तळाची ओळ कोरी राहते. मी स्वतः असे छेद कापले आहेत. सरकत सरकत कडेशी आलं की तळाचा रंग जिथे तुटतो, ती जागा बघताना आजही अंगावर काटा येतो. पेशी अजून पारपटलाची झालेली नाही, हीच तिची ओळख होती.

हॉवर्ड ग्रीन यांच्या घराण्याने पुढची कसोटी दिली. १९७५ मध्ये राइनवाल्ड आणि ग्रीन यांनी त्वचेच्या पेशी बशीत वाढवल्या. १९८७ मध्ये बॅरँडन आणि ग्रीन यांनी एकेक पेशी वेगळी करून तिची वसाहत कुठवर वाढते ते मोजलं. दीर्घकाळ वाढणाऱ्या वसाहतींना होलोक्लोन हे नाव पडलं. इटलीत पेलेग्रिनी आणि डी लुका यांनी २००१ मध्ये पी६३ हा मार्कर पुढे आणला, तो याच वसाहतींच्या आधाराने. २०१० मध्ये त्यांच्या गटाने, बशीत वाढवलेल्या लिंबस-पेशींचं डोळ्यावर कलम केलेल्या ११२ रुग्णांचा हिशेब मांडला. वसाहत करू शकणाऱ्या पेशींत पी६३ने ठळक उजळणाऱ्या पेशी तीन टक्क्यांहून जास्त असल्या, तर ७८ टक्के रुग्णांत कलम यशस्वी झालं. कमी असल्या, तर फक्त ११ टक्क्यांत. मार्करला अर्थ येतो तो असा.

आपल्याकडे लिंबस जळण्याचा प्रश्न रोजचा आहे. तंबाखूच्या चुन्याची पुडी पोराच्या हातात दाबली जाते आणि चुना डोळ्यात उडतो. लिंबस जळतो, रक्तवाहिन्यांसकट पांढऱ्या भागाचं आवरण पारपटलावर चढतं. अशा डोळ्यात नुसतं नेत्रदानातलं पारपटल बसवून भागत नाही, कारण त्याचा वरचा थर राखणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत सांगवान, बसू आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये यावर साधी पद्धत मांडली. चांगल्या डोळ्यातून दोन मिलिमीटर लांबी-रुंदीचा लिंबसचा तुकडा घ्यायचा, त्याचे आठ-दहा बारीक तुकडे करायचे आणि वारेच्या पातळ आवरणावर, मधली जागा सोडून, फायब्रिन ग्लूने चिकटवायचे. प्रयोगशाळेत पेशी वाढवायची गरज नाही, त्यामुळे खर्चही आवाक्यात.

याला विज्ञान न म्हणणारे विद्वान मला परिसंवादांत भेटले आहेत. ‘मार्कर कोणता तपासलात?’ हा त्यांचा पहिला आणि शेवटचा प्रश्न. पारपटल पुन्हा स्वच्छ झालं आणि वर्षानुवर्षं तसंच राहिलं, यापेक्षा मोठा पुरावा कोणता असतो?

आज एकेका पेशीतला आरएनए वाचता येतो, ही मोठी गोष्ट आहे. पण पडद्यावरच्या रंगीत ठिपक्यांच्या एका पुंजक्याला मूलपेशी म्हणून मोकळं होणारी मुलं मी पाहतो, तेव्हा वाईट वाटतं. त्यांतल्या अनेकांनी एकही वसाहत वाढवलेली नसते. २०१५-१६ मध्ये त्वचा सोलवटणाऱ्या आनुवंशिक रोगाने ग्रासलेल्या सात वर्षांच्या मुलाला जर्मनीत जनुक दुरुस्त केलेली त्वचा लावली, शरीराच्या जवळपास ८० टक्के भागावर. ती त्वचा थोड्याच होलोक्लोन पेशींनी तगवली, हे माग काढल्यावर दिसलं. म्हणून प्रत्येक नव्या मार्करसोबत वसाहतीची किंवा कलमाची चाचणी मागितलीच पाहिजे. संपादकांनी ती मागावी, मार्गदर्शकांनी ती करवून घ्यावी.