कानपूरचे ॲव्हरो

युद्धकाळातील डाकोटा विमाने जुनी झाली, तेव्हा त्यांच्या जागी भारताने ब्रिटनचे नवे ॲव्हरो 748 निवडले. आणि विशेष हे की, ते नुसते विकत न घेता येथेच बांधावयाचे ठरविले. मूळ विमान जून 1960 मध्ये उडाले. कानपूरला हवाई दलाच्या कारखान्यात, विलायतेहून आलेले भाग जोडून सिद्ध झालेले पहिले विमान 1 नोव्हेंबर 1961 रोजी आकाशात झेपावले. दोन डार्ट एंजिनांतील तप्त वायू चक्रे फिरवीत व ती पुढील पंख्यांना गती देत. लांब पंखांमुळे आखूड धावपट्टीही त्यास पुरे. मात्र प्रवासी विमान म्हणून जन्मलेले हे यान राबले मुख्यत्वे हवाई दलासाठीच : येथे बांधलेल्या 89 पैकी अवघी 17 इंडियन एअरलाइन्सकडे गेली. हवाई दलातील ॲव्हरोंच्या जागी घ्यावयाच्या 56 सी-295 विमानांचा करार 2021 मध्ये झाला; त्यांतील 40 बडोद्यास बांधण्याचे ठरले.