ओट्याचे भाडे किती?

आमची एक भाची येथे भोपाळात वास्तुकलेच्या चौथ्या वर्षाला आहे. 'वास्तू' हा शब्द कानी पडताच नात्यातील वडीलधारी मंडळी तिला स्वयंपाकघर कोणत्या दिशेस असावे म्हणून विचारू लागतात आणि ती बिचारी हसून वेळ मारून नेते. गेल्या सत्रात तिला शहरातील एखाद्या वस्तीसाठी सांस्कृतिक केंद्राचा आराखडा करावयाचा होता. जागा तिने स्वतःच निवडली ती आमच्या परिचयाच्या एका मराठी मंडळाची. बैठी जुनी इमारत, पुढे कौलारू पडवी, तिला लागून लांब ओटा आणि अंगणात एक कडुनिंब. ही इमारत पाडून नवी बांधावी असे मंडळात बरेच दिवस घाटत आहे, त्यामुळे विद्यार्थिनीचा कागदी अभ्यास एका खऱ्या प्रश्नाला जाऊन भिडला.

पहिला आराखडा तिने आम्हांला दाखवला, तो देखणा होता. पाचशे खुर्च्यांचे वातानुकूलित सभागृह, वर अतिथिगृह, खाली मोटारी. आम्ही मास्तरकीच्या सवयीने विचारले, "आरती झाल्यावर माणसे कोठे रेंगाळतील?"

"मामा, त्यासाठी लॉबी आहे ना," ती म्हणाली.

आम्ही वाद घातला नाही. पुढच्या रविवारी संध्याकाळी तिला घेऊन भारत भवनात गेलो. ती वर्गाबरोबर तेथे पूर्वी जाऊन आली होती. मोजमापे घेऊन झाली होती, बसणे तेवढे राहिले होते.

वाचकांपैकी अनेकांनी भारत भवन पाहिले असेल. चार्ल्स कोरिया (१९३० ते २०१५) यांनी रचलेल्या या वास्तूचे उद्घाटन १३ फेब्रुवारी १९८२ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते झाले. प्रथम जाणाऱ्याची येथे हमखास फसगत होते, कारण रस्त्यावरून इमारत म्हणून काही दिसतच नाही. श्यामला टेकडीचा उतार कोरियांनी मोडला नाही. आपण वरून आत शिरतो आणि घाट उतरावा तसे पायऱ्या-पायऱ्यांनी खाली जातो. पायाखाली जी गच्ची असते तीच खालच्या दालनाचे छप्पर असते. मध्ये खोलगट चौक लागतात आणि सर्वांत शेवटी समोर बडा तालाब पसरलेला दिसतो. दालनांना उजेड मिळतो तो चौकांतून आणि छतावरच्या काँक्रीटच्या धुराड्यांसारख्या झरोक्यांतून. चित्रशिल्पांचे 'रूपंकर', नाटकाचे 'रंगमंडल', कवितेचे 'वागर्थ', संगीताचे 'अनहद' असे विभाग या चौकांच्या कडेने वसले आहेत. बंदिस्त नाट्यगृह ते 'अंतरंग' आणि आकाशाखालचे ते 'बहिरंग'.

येथे जे घडले तेही या रचनेला साजेसेच होते. ब. व. कारंत यांनी रंगमंडल उभे केले. जगदीश स्वामीनाथन यांनी रूपंकरमध्ये आदिवासी कलावंत आणि शहरी चित्रकार यांना एकाच मानाने शेजारी बसवले. पाटणगढचा गोंड तरुण जनगढसिंह श्याम त्यांच्यामुळेच भोपाळला आला आणि पुढे देशोदेशी गाजला. मांडला भागातून आलेल्या या तरुणाला येथल्या दारात परके वाटले नसावे, याचे थोडे श्रेय आम्ही त्या पायऱ्यांनाही देतो. हा आमचा तर्क आहे, वास्तुतज्ज्ञांनी हवे तर हसावे.

त्या संध्याकाळी कोठल्या नाटकाला न आलेली कितीतरी माणसे पायऱ्यांवर नुसती बसली होती. कोणी डबा उघडला होता, एक मुलगा काही पाठ करीत होता, दोन वृद्ध गृहस्थ तळ्याकडे पाहत मुकाट बसले होते. भाची तासभर काही बोलली नाही. मग म्हणाली, "मामा, याला आराखड्यात नावच नाही. खोली म्हणून हे मोजताच येत नाही."

नाव आराखड्यात नसेल, मराठीत मात्र आहे, आणि एक नव्हे. ओटा, ओसरी, पडवी, पार, चौक, चावडी, घाट. घर आणि रस्ता यांच्यामधल्या जागेला एवढे शब्द देणाऱ्या भाषेने आपल्या मंडळासाठी 'लॉबी' उसनी आणावी, हे आम्हांला जरा लागतेच. कोरियांचे म्हणणे थोडक्यात असे की आपल्या हवेत आकाशाखालची जागा हीदेखील खोलीच असते, फक्त तिची वेळ सकाळ-संध्याकाळची. पणजीला मांडवीकाठी त्यांनी बांधलेल्या कला अकादमीतही रस्ता आणि नदी यांच्यामध्ये असाच सावलीचा मोकळा पट्टा आहे. नव्या मुंबईत बेलापूरला त्यांनी सात-सात घरे एकेका सामाईक अंगणाभोवती मांडली.

आपल्या लोकांना हे नवे नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ राजधानी झाली तेव्हा नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथून कचेऱ्यांबरोबर पुष्कळ मराठी कुटुंबे आली. तात्या टोपे नगरच्या सरकारी क्वार्टरांपुढे संध्याकाळी खुर्च्या बाहेर निघत, आणि नवख्या बिऱ्हाडाची ओळख तेथेच होई, असे आमचे वडीलधारे सांगत. सभागृहे मागाहून आली.

भाचीने दुसरा आराखडा केला. सभागृह तीनशे खुर्च्यांचे. त्याच्या दोन बाजू उघडल्या की ते अंगणात मिसळते. रस्त्याच्या बाजूने बसता येईल अशा रुंद पायऱ्या, वर ओटा. कडुनिंब जागच्या जागी. आमच्या आग्रहावरून तिने तो मंडळाच्या बैठकीत मांडला. सर्वांनी कौतुक केले. मग खजिनदार शांतपणे म्हणाले, "बेटा, ओट्याचे भाडे किती येईल?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. लग्नकार्यांच्या भाड्यावरच मंडळाचे वाचनालय चालते, गरजू मुलांना पुस्तके मिळतात. उघड्या जागेची निगा राखणेही सोपे नाही. २०२३ च्या जुलैत खुद्द कला अकादमीच्या खुल्या रंगमंचाचे छत कोसळले. भाचीने ही बाजू विचारात घेतलीच नव्हती आणि खरे सांगायचे तर आम्हीही नाही. परंतु त्याच बैठकीतल्या एका आजींनी सांगितले की यजमान गेल्यावर वर्षभर त्या मंडळाच्या एकाही कार्यक्रमाला आत गेल्या नव्हत्या. ओट्यावर बसून गाणे ऐकत आणि निघून जात. सभागृहाचे दार उघडून आत शिरण्याचे बळ त्यांना नव्हते.

खजिनदारांनी यावर काही उत्तर दिले नाही. त्यांनी आराखडा आपल्याकडे ओढून घेतला आणि पायऱ्यांची रुंदी किती फूट धरली आहे ते विचारले. ठराव झालेला नाही, पुढची बैठक दिवाळीनंतर आहे. भाचीने तोपर्यंत खर्चाचा तक्ता करावयाचा आहे, आणि लग्नाच्या पंगती अंगणात कशा बसतील तेही काढून दाखवावयाचे आहे.