कोलेस्टेरॉलची गोळी आणि मोसंबी

‘कोलेस्टेरॉलची गोळी चालू झाली, आता मोसंबी बंद!’ पैठण-जालन्याच्या मोसंबीवर वाढलेल्या छत्रपती संभाजीनगरात हा सल्ला कुणी दिला, तर तो मनावर घेऊ नका. मूळ इशारा ग्रेपफ्रूटचा आहे. त्यातली काही द्रव्यं आतड्यातलं एक एन्झाइम निकामी करतात. मग अ‍ॅटोरव्हास्टॅटिन किंवा सिमव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध (स्टॅटिन) नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात रक्तात उतरतं. पपनसाबाबतही जपून. भौगोलिक मानांकन मिळालेली जालन्याची मोसंबी मात्र गोड संत्र्याच्या जातीची. ती खुशाल खा. मधुमेह असेल तर रसाऐवजी फोडी बऱ्या.

गोळी परस्पर सोडून देण्याचं नेहमीचं कारण म्हणजे अंगदुखी. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभरात काही महिने खरी गोळी, काही महिने हुबेहूब तशीच बिनऔषधी गोळी आणि काही महिने रिकामी डबी दिली. त्रास किती, ते रोज मोबाइलवर नोंदवायचं. २०२०मध्ये निकाल आला. शंभरपैकी त्रासाचे सरासरी गुण रिकाम्या डबीच्या महिन्यांत ८, बिनऔषधी गोळीच्या १५.४ आणि खऱ्या गोळीच्या १६.३. दुखणं खोटं नव्हतं, माणसं खरंच सोसत होती. पण त्याचं कारण बहुतांशी औषध नव्हतं. म्हणून पाय दुखले तर डॉक्टरांना सांगा, डोस किंवा गोळी बदलता येते. स्नायू फार दुखून लघवी काळपट झाली तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. असं क्वचितच होतं, पण तेव्हा किडनी धोक्यात असते.

लिव्हर खराब होतं ही भीतीही अवास्तव. गंभीर इजा इतकी विरळ, की अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२मध्ये ठरावीक काळाने लिव्हरची तपासणी करण्याची अट काढून टाकली. साखर किंचित वाढू शकते हे खरं, मुख्यतः आधीच काठावर असलेल्यांची. पण हार्ट अटॅक टळण्याचा फायदा त्याहून बराच मोठा आहे. आणि कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी सोडू नका, तो आला गोळीमुळेच. ती थांबवली की काही आठवड्यांत वाईट कोलेस्टेरॉल (एलडीएल) पुन्हा वर.

मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्या औषधांची. नायट्यासाठी इट्राकोनॅझोल, छातीच्या संसर्गासाठी क्लॅरिथ्रोमायसिन ही औषधं सर्रास लिहून दिली जातात, आणि दोन्ही अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, सिमव्हास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढवतात. घाटी रुग्णालयात जा की गल्लीतल्या दवाखान्यात, चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. तेवढ्या दिवसांपुरती स्टॅटिन थांबवायची का, हे डॉक्टर सांगतील. दिवस राहिले असतील किंवा राहावेत असं वाटत असेल, तरीही आधी त्यांना विचारा.