टाच आधी, मग बोटं

पायातली चप्पल निसटायला लागली की आया सांगतात, "मॅडम, लेकराला पाय उचलंना झालाय." फिजिओथेरपिस्टला तेवढं वाक्य पुरतं. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर दिलं जाणारं व्हिन्क्रिस्टिन हे औषध सदाफुलीपासून मिळतं, आपल्या अंगणातल्या त्याच सदाफुलीपासून. ते कर्कपेशींची वाढ रोखतं, पण मज्जातंतूंनाही दुखवतं. पावलापर्यंत जाणारे सर्वांत लांब तंतू आधी दुबळे होतात. घोटा वर उचलत नाही आणि बोटं जमिनीला घासत जातात.

सोलापुरात अशा मुलांच्या फिजिओथेरपीचं काम मी जवळून पाहिलं. मुलगा सहा-सात वर्षांचा, डोक्यावर नुकते केस उगवलेले. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी आधी रक्ताचा रिपोर्ट मागितला. प्लेटलेट फार कमी असतील तर उड्या आणि ताकदीचे व्यायाम बंद. पांढऱ्या पेशी घटल्या असतील तर गर्दीच्या खोलीत बसवायचं नाही. रिपोर्ट ठीक होता. मग आईच्याच पिशवीतला टॉवेल निघाला. पंज्याभोवती टॉवेल अडकवायचा, गुडघा सरळ ठेवायचा आणि पंजा हळूहळू स्वतःकडे ओढायचा, म्हणजे पोटरी आखडत नाही. आई शहराच्या पूर्व भागातली. ती तेलुगूत मोजत होती, "ओकटी, रेंडू, मूडू..." त्यानंतर शहाबादी फरशीच्या सांध्यावरून चालणं. "टाच आधी, मग बोटं," मॅडम पुन्हा पुन्हा सांगत होत्या. पाऊल खाली लोंबू नये म्हणून झोपताना प्लास्टिकचा स्प्लिंट बांधायचा होता. तो कुठे टोचतो, कातडी कुठे लाल होते, हे रोज सकाळी बघायचं काम आईचं.

व्यायामाच्या छापील चित्रांत मूल खुर्चीवर बसलेलं असतं. या घरात खुर्ची नाही. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळते, जेवणं जमिनीवर होतात, संडासात उकिडवं बसावं लागतं. उपचारातल्या स्टिरॉइडमुळे मांड्यांचे स्नायू गळालेले असले की नेमकं जमिनीवरून उठणंच जमत नाही. म्हणून मॅडमनी पाट मागवले. आधी एकावर एक रचलेल्या पाटांवरून उठायचं, सवय झाली की एक पाट कमी करायचा, शेवटी थेट फरशीवरून. मला या कामातलं हे सर्वांत शहाणपणाचं वाटलं: उपचाराचं उद्दिष्ट मुलाच्या घरातून उचललं होतं. हाडाच्या कर्करोगात गुडघ्याजवळचं हाड काढून धातूचा सांधा बसवला असेल, तर मात्र नेमकं उलट करावं लागतं. तिथे मांडी आणि उकिडवं बसणं सहसा टाळायला सांगतात. मग कमोडची खुर्ची आणावी लागते, जेवायला वेगळी जागा करावी लागते. तिथे मुलाच्या सवयीऐवजी घर बदलतं.

रक्ताच्या कर्करोगाचा उपचार दोन-अडीच वर्षं चालतो, कधी त्याहून जास्त. मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात गेलेली कुटुंबं महिनोन्‌महिने धर्मशाळेत काढतात, आणि त्या धावपळीत पहिला बळी जातो तो व्यायामाचा. पुनर्वसन ही बरं झाल्यानंतरची गोष्ट आहे, हा समज मला घातक वाटतो. पोटरी एकदा आखडली की ती सैल करायला फार दिवस जातात. ते काम पहिल्या सुईपासूनच सुरू व्हायला हवं, आणि मुलाच्या गावात. आपल्या सोलापूर जिल्ह्याला हे अवघड नसावं. बार्शीत १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, ती कार्यकर्ते गावोगाव जाऊन माणसांशी बोलले म्हणून. रोगाची नोंद घ्यायला आपण वस्तीपर्यंत पोचलो, तसं टॉवेलचा व्यायाम शिकवायलाही पोचता येईल.

टाटा रुग्णालयानं उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ साली वेगळा दवाखाना सुरू केला, कारण काही परिणाम उशिरा दिसतात. सिस्प्लॅटिन हे औषध घेतलेल्या मुलाला बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. तो वर्गात गप्प बसतो आणि बाईंना वाटतं, लक्षच नाही.

सोलापूरच्या त्या मुलाच्या शाळेसाठी मॅडमनी चिठ्ठी लिहिली: वर्ग तळमजल्यावर असावा, बूट काढायला लावू नयेत, खेळाच्या तासाला बाजूला बसवू नये, धावता आलं नाही तर चेंडू टाकू द्यावा. आईनं तिची दुसरी प्रत मागून घेतली, शिकवणीच्या बाईंसाठी.